बदनामी सोडून दुसरे शब्द? आणि कुठला नेमका कधी वापरायचा?

मेघना_लिहिते
एका लेखावर काम करतेय, विषय असा की एखाद्या माणसाचं नाव चारचौघात, ठरवून, कसं मातीत घालतात. पहिला मसुदा वाचून बघितला तर जिथे तिथे बदनामी, बदनामी आणि बदनामी. आता शब्द माहीत नाहीत असं नाही, चिखलफेक आहे, चारित्र्यहनन आहे, वाभाडे, लक्तरं, अब्रू घेणे, पण एकाच्या जागी दुसरा टाकला की काहीतरी बिघडतं. उदाहरण देते. माझं वाक्य होतं, "ग्रुपवर खोटे मेसेज फिरवून तिची बदनामी केली." संपादकांनी तेच ते नको म्हणून "तिचे वाभाडे काढले" असं केलं. मला ते अजिबात पटत नाहीये पण का पटत नाहीये हे त्यांना नीट सांगता येत नाहीये. कुणी उलगडून सांगेल का प्लीज?

जुनाजाणता
संपादकांना सांगा की वाक्याचा अर्थच फिरला. वाभाडे म्हणजे चिंध्या, जे मुळात जीर्ण, विरलेलं आहे तेच टराटरा फाडायचं. सरकारी अहवालाचे वाभाडे काढतात, फसलेल्या योजनेचे काढतात, कुणाच्या पोकळ भाषणाचे काढतात, आणि वाचणारा गृहीत धरतो की त्यात दोष होतेच, काढणाऱ्याने फक्त उघडे पाडले. म्हणजे "तिचे वाभाडे काढले" लिहिलंत की तिच्यातच काहीतरी खोट होती असं तुम्ही न बोलता कबूल करून बसता, त्या बिचारीवर दुसऱ्यांदा अन्याय. लक्तरं वेशीवर टांगणे तसंच, वेशीतून अख्ख्या गावाची ये-जा, तिथे टांगलं म्हणजे झाकलेलं सगळ्यांना दिसलं. पण लक्तरं होती म्हणून टांगली ना!

तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा की आरोप खरा होता की खोटा. खोटा असेल तर आळ घेणे, किटाळ, बालंट, चारित्र्यहनन. यातही फरक आहे. आळ कुणीतरी घेतो, म्हणजे घेणारा माणूस वाक्यात दिसतो. बालंट मात्र येतं, किटाळही येतं, कुठून आलं ते कळत नाही. ज्याने केलं त्याला जबाबदार धरायचं असेल तर "तिच्यावर बालंट आलं" लिहू नका, करणारा अलगद सुटतो. "तिच्यावर आळ घेतला" लिहा.

अनिकेत_क
+१, आळ हा शब्द हल्ली फार कमी दिसतो, वापरला पाहिजे.
चिखलफेकीबद्दल माझं मत, हा शब्द एकतर्फी प्रकाराला वापरू नये. निवडणूक आली की दोन्हीकडून चिखलफेक सुरू होते, ऐकतानाच वाटतं की दोघंही सारखेच. एक माणूस एकटा आणि समोर शंभर जण तुटून पडलेत, त्याला चिखलफेक म्हटलं तर बघणारा म्हणणार जाऊ दे, त्यांचं आपसात चाललंय. त्यापेक्षा शिंतोडे उडवणे बरं, त्यात उडवणारा वेगळा आणि ज्याच्यावर उडाले तो वेगळा राहतो.

वकील_ताई
कायद्याचा शब्द अब्रुनुकसानी, तो जपून वापरा कारण त्याला ठरलेला अर्थ आहे. भारतीय दंड संहितेत ४९९ आणि ५०० ही कलमं होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नव्या कायद्यात समाजसेवेचा पर्यायही आलाय. फौजदारीत फिर्याद होते, भरपाई मागायची तर दिवाणी दावा, लेखात या दोन्हीची सरमिसळ होऊ देऊ नका.

आणि वर खरं-खोटं म्हणालात त्यात एक भर घालते, लोकांना हे माहीत नसतं. फौजदारी प्रकरणात "मी बोललो ते खरं होतं" एवढ्यावर सुटका होत नाही, ते सांगणं सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. आणि "आम्हाला खरं वाटलं" म्हणणाऱ्यांचं काय होतं त्याचं मराठीतलं मोठं उदाहरण टिळक-आगरकरांचं. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्धची पत्रं खरी समजून केसरी-मराठात छापली, ती बनावट निघाली आणि १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतू चांगला होता, तरीही. मला तर वाटतं फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

मेघना_लिहिते
खूप खूप आभार सगळ्यांचे, आळ घेतला हेच करते आणि संपादकांना हा सगळा धागाच पाठवते. अजून एक, "अब्रू घेणे" आणि "इज्जत काढणे" एकच का? आणि ट्रोलिंगला काय म्हणू?

जुनाजाणता
एक नाही. इज्जत काढणे आता बोलण्यात बरंच हलकं झालंय, मित्रामित्रांतही "काय इज्जत काढलीस यार" चालतं. अब्रू घेणे अजून जड आहे. फारसीतून आलेला शब्द, आब म्हणजे पाणी, तेज आणि रू म्हणजे चेहरा, चेहऱ्यावरचं तेजच काढून घ्यायचं. आणि बाईच्या बाबतीत "अब्रू घेतली" हे लैंगिक अत्याचारासाठी वापरत आलेत, तेव्हा तुमच्या लेखात ते टाळाच.
बट्टा लावणे विसरू नका, तो सराफीतला शब्द. नाणं मोडताना जी रक्कम कापायचे तो बट्टा. नावाला बट्टा लागला म्हणजे नाव चालतं, पण पूर्ण किमतीला नाही. अफवेनंतर माणसाचं जे होतं ते बरोबर हेच असतं.

अनिकेत_क
ट्रोलिंगला ट्रोलिंगच म्हणा, सगळ्यांना कळतं. पण शंभर जणांनी मिळून केलं असेल तर "टीकेची झोड उठली" लिहू नका. टीका कामावर होते, इथे माणसालाच धरलेलं असतं. "तिच्यावर गरळ ओकली" हे जास्त खरं होईल, आणि कोणी ओकली तेही लिहा.