मराठी टायपिंगचा प्रोग्राम अँटिव्हायरस वारंवार काढून टाकतो. कायमचा उपाय कोणता?

जुळारी:

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचा छोटा छापखाना आहे. वडिलांच्या काळी खिळे जुळवून काम होत असे. गेली वीस-बावीस वर्षे अक्षरजुळणी संगणकावर होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि एक दिवाळी अंक एवढे काम वर्षभर असते. पाने लावण्यासाठी पेजमेकर वापरतो आणि मराठी टाइप करण्यासाठी त्या काळी विकत घेतलेला, डोंगलवर (परवान्यासाठी संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणावर) चालणारा कीबोर्डचा प्रोग्राम वापरतो. संगणक तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीचा आहे, रॅम चार जीबी आहे आणि त्यावर ३२-बिट विंडोज १० आहे.

मागच्या महिन्यात आधीच्या अँटिव्हायरसची मुदत संपली, म्हणून दुसऱ्या कंपनीचा तीन वर्षांचा अँटिव्हायरस घेतला. चौथ्या दिवशी एका लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप करत होतो. ‘श्री गजानन’ इथपर्यंत अक्षरे बरोबर उमटली आणि ‘प्रसन्न’ लिहू लागताच पडद्यावर सुटे काने, अर्धे ‘ष’ आणि कशाचाच अर्थ न लागणारी जोडाक्षरे येऊ लागली. उजव्या कोपऱ्यात ‘धोका दूर केला’ अशी सूचना झळकली होती. टायपिंगच्या प्रोग्रामची मुख्य फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसच्या बंदिस्त कप्प्यात, गेली होती. वधूचे वडील समोर खुर्चीवर बसलेले होते आणि मुहूर्त अकरा दिवसांवर होता.

फाइल परत आणली की दोन दिवस काम चालते आणि नवे अपडेट उतरले की ती पुन्हा जाते. असे आतापर्यंत चार वेळा झाले. कंपनीच्या मदत क्रमांकावर ‘काढून पुन्हा इन्स्टॉल करा’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. येथील तंत्रज्ञ म्हणतात, संपूर्ण डी ड्राइव्हच तपासणीतून वगळा. ज्या प्रोग्रामवर आमचे घर चालते, तो असा न विचारता उचलून नेला जातो, याचा मनस्ताप शब्दांत सांगता येत नाही. निरुपद्रवी प्रोग्राम व्हायरस का ठरतो? हे कायमचे थांबवता येईल, की अँटिव्हायरसच काढून टाकावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कळफलक:

आपला त्रास मला पूर्ण समजतो, कारण अशा प्रोग्रामांच्या दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे केले आहे. प्रथम कारण सांगतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. आपण कळ दाबली की ती पेजमेकरपर्यंत पोहोचण्याआधी टायपिंगचा प्रोग्राम ती मधल्या मध्ये अडवतो, तिच्या जागी फॉन्टमधील योग्य खूण ठेवतो आणि मग पुढे पाठवतो. प्रोग्राम बंद पडताच कळ थेट पोहोचते आणि त्या जागेवर फॉन्टमध्ये जे काही असेल ते उमटते. आपल्याला दिसलेले अर्धे ‘ष’ ते हेच. आता पासवर्ड चोरणारा कीलॉगर काय करतो? तोही प्रत्येक कळ मधल्या मध्ये अडवून पाहतो. दोघे विंडोजची एकच सोय वापरतात. अँटिव्हायरस केवळ ओळखीच्या व्हायरसांच्या यादीवर चालत नाही, तो प्रोग्रामच्या वागण्यावरूनही अंदाज बांधतो. वीस वर्षांपूर्वीचा, डिजिटल स्वाक्षरी (निर्मात्याची ओळख पटवणारी खूण) नसलेला आणि जगात फार थोड्या संगणकांवर आढळणारा प्रोग्राम प्रत्येक कळ पाहतो आहे, एवढेच त्याला दिसते. मराठी लिहिण्यासाठी आपल्याकडे ही वाट काढावी लागली, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अशा चुका मोठ्या प्रमाणावरही झालेल्या आहेत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक पुन:पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्यामुळे सुरक्षा सॉफ्टवेअरचा शब्द अंतिम मानण्याचे कारण नाही.

तरीही फाइल परत आणण्याआधी एक गोष्ट अवश्य करा, आणि हे मी आग्रहाने सांगतो. ती फाइल मूळ आहे याची खात्री करून घ्या. छापखान्यांमधून डोंगलशिवाय चालणाऱ्या ‘क्रॅक’ प्रती सर्रास फिरतात आणि त्यांतील कित्येकांमध्ये खरोखरच व्हायरस असतो. आपली मूळ सीडी असेल तर तीवरील फाइल आणि संगणकावरील फाइल या दोन्हींचा हॅश पॉवरशेलमधील (विंडोजमध्ये आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतील) ‘गेट-फाइलहॅश’ या आज्ञेने काढून पाहा. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक अक्षर जरी बदलले असेल तरी तो पूर्ण वेगळा येतो. तीच फाइल व्हायरसटोटल या संकेतस्थळावर टाकली तर सत्तरएक अँटिव्हायरस इंजिने ती तपासतात. मात्र तेथे टाकलेली फाइल इतरांपर्यंत पोहोचू शकते, म्हणून ग्राहकांचा मजकूर तेथे कधीही टाकू नये.

फाइल स्वच्छ ठरली तर फक्त तिलाच, संपूर्ण मार्गासह (ड्राइव्ह व फोल्डरच्या पत्त्यासह), अपवादांच्या यादीत घाला. बहुतेक अँटिव्हायरसमध्ये साध्या तपासणीचे अपवाद आणि वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या भागाचे अपवाद वेगवेगळ्या ठिकाणी नोंदवावे लागतात. फाइल परत परत जाण्याचे कारण बहुधा तेच असावे. सोबत ‘चुकीची ओळख’ म्हणून ती फाइल कंपनीकडे पाठवा. यासाठी प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज असतो. मदत क्रमांकावरच्या व्यक्तीला त्याची माहिती असतेच असे नाही.

शाईचा डाग:

डी ड्राइव्ह वगळण्याचा सल्ला कृपया ऐकू नका. आमच्याकडे, मिरजेजवळच्या छापखान्यात, नेमका हाच सल्ला मानला होता. ग्राहक मजकूर पेनड्राइव्हवर घेऊन येतात, आम्ही तो डी ड्राइव्हवर उतरवून घेतो आणि तेथूनच उघडतो. एका पेनड्राइव्हमधील सर्व फोल्डर शॉर्टकट झालेले होते. घाईत त्यांतील एकावर डबल क्लिक झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अठरा वर्षांची पेजमेकरची पाने, प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी शेपूट लागलेल्या स्थितीत, कुलूपबंद झाली होती आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी होती. पैसे दिले नाहीत. जेवढे छापील प्रतींवरून परत टाइप करता आले तेवढे केले. त्यात एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची दोनशे पाने होती, ती गेली ती गेलीच.

म्हणून अँटिव्हायरस काढून टाकण्याचा विचार करत असाल तर एवढे लक्षात घ्या की विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच आहे. बाहेरचा अँटिव्हायरस टाकला की तो आपोआप बाजूला होतो आणि बाहेरचा काढला की पुन्हा सुरू होतो. चार जीबी रॅमच्या संगणकाला तो पुरेसा आहे असे माझे मत आहे. अर्थात तोही कीबोर्डच्या प्रोग्रामवर संशय घेऊ शकतो आणि त्यातही अपवाद नोंदवावाच लागेल. आपण कंपनी बदलली आहे, तेव्हा आधीच्या अँटिव्हायरसचे अवशेष उरले आहेत का तेही पाहा. कंट्रोल पॅनेलमधून काढल्यावरही त्यांचे ड्रायव्हर मागे राहतात आणि दोघे एकाच फाइलवर एकाच वेळी हात टाकू लागले की संगणक अडखळतो. प्रत्येक कंपनीचे स्वतःचे रिमूव्हल टूल असते, ते वापरावे. आणि बॅकअपची हार्ड डिस्क काम झाल्यावर संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. आमची जोडलेलीच होती, तीही गेली.

वेलांटी:

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण मूळ दुखणे ऑपरेटिंग सिस्टिमचे आहे आणि त्याकडे आज ना उद्या पाहावेच लागेल. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव मुदत आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. अँटिव्हायरस कितीही चांगला असला तरी खालची भेग बुजवण्याचे काम तो करू शकत नाही. मे २०१७ मधील वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसचा हल्ला आठवून पाहा. ज्या त्रुटीतून तो पसरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती लावली नव्हती त्यांचे संगणक सापडले.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची चिप) लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, त्यामुळे आपला संगणक त्यात बसत नाही. चालू स्थितीतील यंत्र केवळ या अटीमुळे अडगळीत टाकावे लागणे हा लहान व्यावसायिकांवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. शिवाय विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. जुन्या सीडींवरील काही इन्स्टॉलर १६-बिट असतात आणि ते ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत. तेव्हा नवा संगणक घेतला तरी जुना प्रोग्राम त्यावर चढेलच, असे गृहीत धरू नका.

माझी सूचना अशी की जुना संगणक इंटरनेटपासून पूर्ण तोडावा आणि फक्त पेजमेकरसाठी ठेवावा. ई-मेल, व्हॉट्सॲप आणि ग्राहकांचे पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर उघडावेत, तेथे तपासलेला मजकूरच आपल्या वेगळ्या पेनड्राइव्हने इकडे आणावा. नवे काम मात्र हळूहळू युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, सुरू करावे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना) विंडोजमध्ये मुळातच असतो, त्यासाठी कळा अडवणारा वेगळा प्रोग्राम लागत नाही, साहजिकच अँटिव्हायरसला हरकत घेण्याचे कारणच उरत नाही. हात बसायला तीन-चार आठवडे लागतात, हे खरे.

जुळारी:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. जे घडले ते सविस्तर कळवतो.

मूळ सीडी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या ब्लॉकांखाली सापडली. कळफलक यांनी सांगितल्याप्रमाणे हॅश काढला. मुख्य फाइल तंतोतंत जुळली. मात्र त्याच फोल्डरमध्ये आणखी एक फाइल होती, जी सीडीवर कुठेच नव्हती. चार वर्षांपूर्वी डोंगल बिघडला होता तेव्हा एका तंत्रज्ञाने ‘हे टाकून देतो, चालेल’ म्हणून काही तरी टाकले होते, ते तेव्हा आठवले. व्हायरसटोटलवर पहिल्या फाइलला दोन-तीन इंजिनांनी हरकत घेतली. दुसरीला निम्म्याहून अधिक इंजिनांनी धोकादायक ठरवले. म्हणजे ज्या अँटिव्हायरसवर मी महिनाभर चिडलो होतो, त्याचे निम्मे म्हणणे बरोबर होते. ती फाइल काढून टाकली, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलले आणि मुख्य फाइल दोन्ही याद्यांमध्ये अपवाद म्हणून नोंदवली. आज नववा दिवस आहे, तीन अपडेट्स होऊन गेली, टायपिंग सुरळीत आहे. कंपनीकडे पाठवलेल्या अर्जाची पोच आली आहे, निर्णय अजून नाही. बॅकअपची डिस्क कपाटात आहे.

वेलांटी यांच्या सूचनेवरून मुलीच्या लॅपटॉपवर दिवाळी अंकाची एक जुनी कथा कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणून पाहिली. ‘परिस्थिती’ मधील ‘स्थि’ची पहिली वेलांटी ‘स’ आणि ‘थ’ यांच्या मध्येच अडकून बसते आणि ‘सूर्य’चा रफार पुढच्या अक्षरावर सरकतो. चौदा पानांत अशा जागा मोजल्या, त्या दोनशेच्या वर आहेत. हे हाताने सुधारण्याखेरीज काही मार्ग आहे का?

वेलांटी:

आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते; युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, पूर्ण जोडाक्षरानंतर येते. रफाराचे याच्या उलट आहे: तो जुन्या फॉन्टमध्ये अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये आधी असतो. आपला कन्व्हर्टर वेलांटी एकाच अक्षरापलीकडे नेतो, जोडाक्षर ओलांडत नाही, असे दिसते. लिबरऑफिस रायटरमधील शोधा-आणि-बदला सोयीत रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना सांगून शोधण्याची पद्धत) वापरून या दोन्ही चुका एकगठ्ठा दुरुस्त करता येतात. फॉन्टचे नेमके नाव आणि बिघडलेला एक परिच्छेद येथे टाका, मी नियम लिहून देतो.