शनीपर्यंत जायला तीन वर्षे की पावणेसात?

येऊरकर, ठाणे:
नमस्कार. गेल्या आठवड्यात सोसायटीच्या गच्चीवर शेजाऱ्यांच्या दुर्बिणीतून माझ्या आठवीतल्या मुलीने शनी पाहिला. कडे इतके बारीक आणि रेखीव दिसत होते की ती डोळा बाजूला करायलाच तयार नव्हती. तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, असे तिने विचारले. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघून १२ नोव्हेंबर १९८० रोजी शनीजवळ पोहोचले. परंतु १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघालेल्या कॅसिनीला तिथे पोहोचायला १ जुलै २००४ उजाडले. वीस वर्षांनंतरच्या यानाला दुप्पट वेळ का लागावा, हे मला तिला समजावता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शिक्षिका, नेरुळ:
तिला कळव्याचे उदाहरण द्या. ठाण्याहून सुटलेली जलद लोकल कळव्याला न थांबता पुढे जाते. ज्याला कळव्यालाच उतरायचे आहे, त्याला तिच्या वेगाचा उपयोग नाही. व्हॉयेजर शनीच्या शेजारून छायाचित्रे घेत पुढे निघून गेले, त्यामुळे वेग आवरण्याचा प्रश्नच आला नाही. कॅसिनीला मात्र शनीभोवती फिरत राहायचे होते. त्यासाठी इंजिन उलट दिशेने पेटवून वेग कमी करावा लागतो आणि ते इंधन पृथ्वीवरूनच सोबत न्यावे लागते; शनीपाशी हे इंजिन सुमारे ९६ मिनिटे चालू होते. निघताना कॅसिनीच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा इंधनाचाच होता. एवढे जड यान थेट शनीकडे धाडणे तेव्हाच्या रॉकेटला शक्य नसल्यामुळे ते आधी उलट्या दिशेला, शुक्राकडे पाठवले गेले, आणि शुक्राजवळून दोनदा, मग पृथ्वीजवळून व गुरूजवळून एकेकदा जाताना त्या ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणाने त्याला वेग मिळत गेला. वळसा मोठा पडला खरा, पण त्याच्या बदल्यात शनीच्या सान्निध्यात १३ वर्षे मिळाली. मला तरी हा मोबदला फार मोठा वाटतो.

खारघरकर:
यात ग्रहांच्या स्थितीचाही भाग आहे. कमीत कमी ऊर्जेच्या मार्गाने नेपच्यून गाठायला सुमारे ३० वर्षे लागतात. व्हॉयेजर २ तिथे १२ वर्षांत, ऑगस्ट १९८९ मध्ये पोहोचले, कारण सुमारे १७५ वर्षांतून एकदाच येणाऱ्या मांडणीमुळे गुरू, शनी आणि युरेनस हे तिन्ही ग्रह त्याला वाटेत वेग द्यायला लाभले.

येऊरकर, ठाणे:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. कळव्याचे उदाहरण तिला लगेच पटले. आता ती विचारते आहे की यान पोहोचेपर्यंत शनी तिथेच थांबतो का?

शिक्षिका, नेरुळ:
फार योग्य प्रश्न विचारला तिने! शनीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे कॅसिनीच्या प्रवासात तो जवळजवळ पाव फेरी पुढे सरकला होता. त्यामुळे निघण्याच्या दिवशी शनी जिथे असतो तिथे नव्हे, तर पोहोचण्याच्या दिवशी तो जिथे असेल तिथे यानाचा नेम धरतात.