प्रतिसाद: गुडघ्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन
गुडघेदुखीवर हे इंजेक्शन ‘चाचण्यांत सिद्ध झालंय, मग दर तीन महिन्यांनी घ्यायला हरकत काय’ असं वरच्या लिखाणात म्हटलंय. काही आठवडे आराम पडतो, हे खरंच. पण नेमकं दर तीन महिन्यांनी देऊन पाहणारी चाचणी अमेरिकेत झाली, २०१७ साली प्रसिद्ध झाली. गुडघ्याची झीज असलेले १४० जण. निम्म्यांना ४० मिलिग्रॅम ट्रायॅम्सिनोलोन हे स्टिरॉइड, निम्म्यांना नुसतं सलाईन (औषध नसलेलं मिठाचं पाणी), सलग दोन वर्षं. दुखण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही, उलट स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण) जास्त झिजली. (दुखणं तीन-तीन महिन्यांनीच मोजलं, त्यामुळे मधला तात्पुरता आराम त्यात दिसत नाही, हेही सांगायला हवं.)

आणि मधुमेहाचं इथे कुणीच लिहिलेलं नाही. आईने कोथरूडला इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी कठडा न धरता जिना उतरली, आम्ही सगळे खूश. तिसऱ्या सकाळी उपाशीपोटी साखर २८४! एरवी १३०च्या आसपास असते. यंत्र बिघडलं समजून दुसरी पट्टी लावली, तोच आकडा. खाली यायला पाच दिवस लागले. या इंजेक्शनने काही दिवस साखर चढते, हे आधी कुणीही बोललं नव्हतं. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा आणि आठवडाभर रोज साखर तपासा.