मदत हवी आहे: न्यू जर्सीतील दोन लहान कंपन्या, कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा आणि डब्ल्यू-२, १०९५-सी यांची जबाबदारी

रानजाई
नोव्हेंबर २०२५

नमस्कार. अमेरिकेत लहान कंपन्यांचे पेरोल किंवा मनुष्यबळाचे काम पाहणारे काही सभासद येथे आहेत हे ठाऊक असल्याने थोडे सविस्तर विचारत आहे.

माझे दीर एडिसनजवळ फिजिओथेरपीचे एक क्लिनिक आणि वृद्धांना घरी जाऊन सेवा देणारी एक होम केअर कंपनी चालवतात. दोन्ही कंपन्यांचे ईआयएन (करासाठीचे ओळख क्रमांक), बँक खाती आणि पेरोल वेगवेगळे आहेत. मालकी मात्र दोन्हींची संपूर्णपणे त्यांचीच आहे. क्लिनिक ही एस कॉर्पोरेशन (जिच्या नफ्यावरचा कर कंपनीऐवजी मालक भरतो अशी कंपनी) असून तेथे माझ्या जाऊबाईही पगारावर काम करतात. दोन्हीकडची पगारपत्रके आणि विम्याची कागदपत्रे मी सांभाळते.

यंदाचे सरासरी आकडे असे आहेत. क्लिनिकमध्ये, दीर आणि जाऊबाई वगळून, १९ पूर्णवेळ कर्मचारी आहेत. होम केअरमध्ये २२ पूर्णवेळ आणि ३४ अर्धवेळ सेविका असून या अर्धवेळ सेविकांचे महिन्याचे एकूण तास सुमारे २,१६० भरतात. गेल्या वर्षी होम केअरचा पसारा याच्या निम्माही नव्हता. दोन्हीकडे कामावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची ये-जा बरीच असल्याने जानेवारीत क्लिनिकचे २६ आणि होम केअरचे सुमारे १२० डब्ल्यू-२ (प्रत्येकाच्या वर्षभराच्या पगाराची व करकपातीची विवरणे) निघतील.

क्लिनिकच्या पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना विमा आहे. एकट्यासाठीचा सर्वांत स्वस्त हप्ता महिना ७०० डॉलर असून त्यातले ५०० कंपनी भरते आणि २०० पगारातून वजा होतात. यंदा जानेवारीपासून ब्रोकरने हा विमा ‘लेव्हल फंडेड’ प्रकारात नेला आहे. होम केअरमध्ये मात्र फक्त कार्यालयातील तिघांना विमा आहे, सेविकांना नाही. त्यांतल्या बऱ्याच जणी राज्याच्या ‘गेट कव्हर्ड एनजे’ या बाजारपेठेतून अनुदानित विमा घेतात.

आता अडचण अशी आहे की ब्रोकर म्हणतात, दोन्ही कंपन्या प्रत्येकी ५० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांच्या आत असल्याने आम्हाला काहीच कळवावे लागत नाही. पेरोल सेवेच्या प्रश्नावलीत मात्र ‘समान मालकीची दुसरी कंपनी आहे का’ असा प्रश्न आला आहे आणि त्याचे उत्तर ‘होय’ दिल्यावर पुढे काय ओढवेल याचा मला अंदाज येत नाही. डब्ल्यू-२ च्या १२ क्रमांकाच्या रकान्यात ‘डीडी’ या कोडपुढे विम्याची किंमत लिहिणे आम्हाला सक्तीचे आहे का, हाही प्रश्न आहेच. आमच्या एका सेविकेच्या पतीच्या डब्ल्यू-२ वर डीडीपुढे चोवीस हजारांहून अधिक रक्कम पाहून ती घाबरली होती. एवढ्या रकमेवर कर भरावा लागेल अशी तिची समजूत झाली होती.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या बायका दिवसभर दुसऱ्यांच्या आईवडिलांना उचलतात, आंघोळ घालतात, औषधे देतात, आणि त्यांच्या स्वतःच्या उपचारांची सोय अशी तुटपुंजी असावी हे मला पटत नाही. दिरांनाही पुढच्या वर्षी त्यांना विमा द्यावा असे वाटते. तसे केले तर त्यांचा खरोखर फायदा होईल का, हे नियमांच्या अंगाने कोणी समजावून सांगू शकेल का?

हिशेबनीस
(पार्सिपनी, न्यू जर्सी)

रानजाई, आपण आकडे नीट दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. पेरोल सेवेच्या प्रश्नावलीत ‘होय’ असेच लिहावे. ब्रोकरचे म्हणणे मला मान्य नाही.

‘मोठा नियोक्ता’, म्हणजे ५० किंवा अधिक पूर्णवेळ व समतुल्य कर्मचारी असलेला, कोण हे आधीच्या कॅलेंडर वर्षाच्या सरासरीवरून ठरते, आणि समान मालकीच्या कंपन्या या मोजणीसाठी एकच धरल्या जातात. आठवड्याला सरासरी ३० किंवा महिन्याला १३० तास काम करणारा तो पूर्णवेळ. अर्धवेळ असलेल्यांचे महिन्याचे तास, प्रत्येकाचे जास्तीत जास्त १२० धरून, एकत्र करायचे आणि त्यांना १२० ने भागायचे. आपले २,१६० तास म्हणजे १८ पूर्णवेळ-समतुल्य कर्मचारी झाले. होम केअरचे २२ आणि १८ मिळून ४०, त्यात क्लिनिकचे १९, म्हणजे ५९. एस कॉर्पोरेशनमध्ये २ टक्क्यांहून अधिक वाटा असणारा मालक या मोजणीत येत नाही, आणि पत्नीलाही पतीचा वाटा लागू होत असल्याने जाऊबाईही येत नाहीत. आपण दोघांना वगळलेत ते योग्यच आहे. प्रत्यक्षात ही मोजणी बाराही महिन्यांची वेगवेगळी करून सरासरी काढायची असते, पण ५९ ही संख्या ५० पासून बरीच दूर आहे.

गेल्या वर्षी आपण ५० च्या आत होता, म्हणून २०२५ साठी १०९५-सी (कर्मचाऱ्याला कोणता विमा देऊ केला हे सांगणारी विवरणे) भरायचे नाहीत. यंदाच्या सरासरीमुळे २०२६ मध्ये मात्र दोन्ही कंपन्या मोठ्या नियोक्त्याच्या घटक ठरतात, आणि त्या वर्षाचे १०९४-सी (सोबतचे एकत्रित पत्रक) व १०९५-सी प्रत्येक कंपनीने आपापल्या ईआयएनखाली २०२७ च्या सुरुवातीला भरायचे आहेत.

डब्ल्यू-२ चा नियम अगदी उलट चालतो, आणि गोंधळ होतो तो येथेच. परवडणाऱ्या आरोग्यसेवेचा कायदा २०१० मध्ये झाला. त्यानुसार डीडीची नोंद २०१२ च्या डब्ल्यू-२ पासून सक्तीची झाली, पण आधीच्या वर्षी २५० पेक्षा कमी डब्ल्यू-२ भरणाऱ्या नियोक्त्यांना आयआरएसने (केंद्रीय करखात्याने) पुढील सूचनेपर्यंत सूट दिली आणि ती आजही कायम आहे. ही २५० ची मोजणी प्रत्येक कंपनीची स्वतंत्र होते, समान मालकी येथे विचारात घेतली जात नाही. म्हणून डीडी लिहिणे आपल्या दोन्ही कंपन्यांना सक्तीचे नाही. २०२४ पासून १० किंवा अधिक विवरणे असतील तर ती ऑनलाइन भरावी लागतात, हा १० चा आकडा ऐकून अनेकांना वाटते की डीडीची सूटही गेली. तसे झालेले नाही.

त्या सेविकेला निःशंकपणे सांगा की डीडीची रक्कम केवळ माहितीसाठी असते आणि तिच्यावर कर लागत नाही. कंपनीचा वाटा आणि कर्मचाऱ्याचा वाटा अशा दोन्हींची ती बेरीज असते. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या २०२४ च्या पाहणीत कौटुंबिक विम्याचा वार्षिक हप्ता सरासरी २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले ६,२९६ डॉलर कर्मचारी भरत होते, म्हणजे तिच्या पतीच्या कागदावरचा आकडा अगदी सर्वसाधारण आहे.

दीर आणि जाऊबाई यांचा हप्ता क्लिनिक भरत असेल तर तो त्यांच्या डब्ल्यू-२ च्या पहिल्या रकान्यात वेतन म्हणून दाखवावा लागतो आणि डीडीमध्ये येत नाही. वैयक्तिक विवरणात त्याची वजावट मिळते, पण ती डब्ल्यू-२ वर नोंद बरोबर असेल तरच. डिसेंबरचा शेवटचा पगार निघण्यापूर्वी हे पेरोलमध्ये घालून घ्या.

कृष्णामाई
(फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, मनुष्यबळ विभागात नोकरी)

हिशेबनीस यांच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते, तो म्हणजे ‘लेव्हल फंडेड’. या प्रकारात दरमहा ठरावीक रक्कम भरावी लागत असल्याने तो नेहमीच्या विम्यासारखाच दिसतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र बहुतेक वेळा ती स्वयंनिधी योजना असते, म्हणजे दाव्यांची जोखीम कंपनीची आणि वरच्या मोठ्या नुकसानीपुरता विमा. नेहमीच्या विम्यात १०९५-बी (कोणाला कोणत्या महिन्यांत विमा होता हे सांगणारे विवरण) विमा कंपनी पाठवते. स्वयंनिधी योजनेत ते काम नियोक्त्याचे असते, मग नियोक्ता कितीही लहान असो.

याचा अर्थ, क्लिनिकने २०२५ चे १०९४-बी आणि १०९५-बी स्वतः भरायला हवेत. कर्मचाऱ्यांना प्रत देण्याची मुदत २ मार्च २०२६ आणि आयआरएसकडे ऑनलाइन भरण्याची ३१ मार्च २०२६ आहे. न्यू जर्सीमध्ये २०१९ पासून राज्याची स्वतःची विमासक्ती असल्यामुळे स्वयंनिधी योजना असणाऱ्यांना हीच माहिती राज्याच्या कर विभागाकडेही ३१ मार्चपर्यंत द्यावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने कर्मचाऱ्याने मागितल्यासच प्रत देण्याची मुभा दिली आहे, परंतु राज्याच्या सक्तीला ती लागू होत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना प्रत द्यावीच.

आपले डब्ल्यू-२ धरून विवरणे १० च्या वर जातात, त्यामुळे कागदी अर्ज चालणार नाहीत. डब्ल्यू-२ सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनकडे जातात, ही १०९५ विवरणे मात्र आयआरएसच्या वेगळ्या प्रणालीतून, आणि तिचा परवाना मिळायला वेळ लागतो. पेरोल सेवा हे काम करून देणार असेल तर आताच लेखी विचारून घ्या. चुकीच्या किंवा न भरलेल्या विवरणाचा दंड २०२६ मध्ये प्रत्येकी ३४० डॉलरपर्यंत आहे. याशिवाय स्वयंनिधी योजनेला दरवर्षी ३१ जुलैपर्यंत फॉर्म ७२० मधून एक छोटे शुल्क भरावे लागते. ब्रोकरने त्याचाही उल्लेख केला नसावा असे वाटते.

रानजाई

दोघांचेही मनापासून आभार. विम्याचा करार काढून पाहिला; त्यात ‘स्टॉप-लॉस’ (मोठ्या नुकसानीपुरता विमा) असे स्पष्ट लिहिले आहे, म्हणजे कृष्णामाई म्हणतात तोच प्रकार आहे. ब्रोकरला आजच पत्र लिहिले.

आता सेविकांविषयी विचारते. क्लिनिकसारखीच योजना, २०० डॉलर कर्मचाऱ्याचे आणि बाकीचे कंपनीचे, त्यांना देऊ केली तर ती ‘परवडणारी’ ठरेल का? त्यांचा दर तासाला १८ डॉलर आहे. आणि १०९५-सी मध्ये त्यांच्या विम्याची किंमत म्हणून कोणता आकडा लिहायचा, डीडीसारखी पूर्ण बेरीज का?

हिशेबनीस

पूर्ण बेरीज नाही. १०९५-सी च्या १५ व्या ओळीत, एकट्यासाठीच्या सर्वांत स्वस्त योजनेत कर्मचाऱ्याला महिन्याला किती भरावे लागले असते, तेवढेच लिहायचे असते. एखादीने नवऱ्यामुलांसह विमा घेतला आणि तिच्या पगारातून ९०० डॉलर जात असले तरी त्या ओळीत २०० च येतील. तिने विमा नाकारला तरीही २०० च. आपण स्वेच्छेने डीडी भरलात, तर बारा महिने एकटीचा विमा घेणाऱ्या सेविकेच्या डब्ल्यू-२ वर मात्र ८,४०० डॉलर दिसतील. दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण डीडी विम्याचे मूल्य सांगतो आणि १५ वी ओळ तो विमा तिच्या आवाक्यात होता का, हे सांगते.

आवाक्याचे २०२६ चे प्रमाण उत्पन्नाच्या ९.९६ टक्के आहे. तासाच्या दरावरून हिशेब करण्याची सवलत वापरली तर १८ गुणिले १३० म्हणजे २,३४० डॉलर, आणि त्याचे ९.९६ टक्के म्हणजे सुमारे २३३ डॉलर. आपले २०० त्याच्या आत बसतात.

देऊ केले नाही तर काय, हेही दिरांना ठाऊक असावे. २०२६ मध्ये होम केअरने पूर्णवेळ कर्मचाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांना (लहान कंपनीत, पाच जण सोडून बाकी सर्वांना) आणि त्यांच्या मुलांना विमा देऊ केला नाही, आणि एका जरी पूर्णवेळ सेविकेला बाजारपेठेतील अनुदान मिळाले, तर प्रत्येक पूर्णवेळ कर्मचाऱ्यामागे वर्षाला ३,३४० डॉलर आकार लागतो. त्यातून ३० कर्मचारी वगळले जातात, पण ते ३० दोन्ही कंपन्यांत मिळून प्रमाणात वाटायचे. आपण प्रथमच मोठे नियोक्ते होत असल्याने एक दिलासा आहे: आधी विमा नसलेल्यांना १ एप्रिल २०२६ पर्यंत पुरेशा दर्जाचा विमा देऊ केला, तर जानेवारी ते मार्चसाठी त्यांच्यामुळे हा आकार लागत नाही.

पिंपळपान
(क्लीव्हलँड, ओहायो)

मी हिशेबाच्या बाजूची नाही, रुग्णालयात परिचारिका आहे. पण सेविकांचा फायदा होईल का हा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले.

परवडणारा विमा कामावरून देऊ केला गेला की बाजारपेठेतील अनुदान थांबते, कामावरचा विमा नाकारला तरीही थांबते. हे आमच्या सहकाऱ्यांपैकी अनेकींना ठाऊक नसते, आणि मग वर्षअखेरीस अनुदान परत करण्याची वेळ येते. सध्याचे वाढीव अनुदान ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपणार असल्याने जानेवारीपासून बाजारपेठेतले हप्ते अनेकींसाठी वाढणार आहेत, त्यामुळे आपला २०० डॉलरचा विमा पुष्कळ जणींना फायद्याचा ठरू शकेल. परंतु ज्यांचे उत्पन्न फार कमी आहे त्यांना कदाचित नाही. नवरा आणि मुले यांचा आवाका २०२३ पासून कौटुंबिक हप्त्यावरून स्वतंत्रपणे पाहिला जातो, म्हणून सेविका कामावरच्या विम्यात आणि मुले अनुदानित विम्यात, अशी विभागणीही शक्य असते. शिवाय न्यू जर्सी फॅमिलीकेअरमध्ये (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची राज्याची सरकारी विमायोजना) असलेल्यांनी घाईने काही बदलू नये.

माझे कळकळीचे सांगणे एवढेच की नावनोंदणीच्या आधी प्रत्येकीला कामाच्या वेळेतच थोडा वेळ द्या आणि त्यांच्या भाषेत लिहिलेला एक कागद हातात द्या. त्यावर तीन रकमा असाव्यात: विम्याची वर्षाची पूर्ण किंमत ८,४०० डॉलर, त्यातले कंपनीचे ६,००० आणि तिचे २,४००. कंपनीचे सहा हजार पगाराच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ठळकपणे दिसतच नाहीत. चिठ्ठीवर दिसते ती फक्त कपात.

हिशेबनीस

त्या कागदावर आणखी एक ओळ घालावी. केंद्रीय करकायद्याच्या कलम १२५ ची लेखी योजना केली असेल तर सेविकेचे २,४०० डॉलर करपूर्व वजा होतात. त्यावर केंद्रीय आयकर लागत नाही आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे ७.६५ टक्केही वाचतात, म्हणजे वर्षाला सुमारे १८४ डॉलर. तेवढीच बचत कंपनीचीही होते. न्यू जर्सीचा राज्य आयकर मात्र ही वजावट मानत नाही, तेव्हा राज्यापुरते वेतन अधिक दिसेल आणि कोणी विचारले तर ती चूक नाही असे सांगावे. क्लिनिकची लेखी योजना होम केअरला आपोआप लागू होत नाही, ती स्वीकारल्याचा ठराव होम केअरने करावा लागेल.

रानजाई

ठराव आणि तीन रकमांचा कागद, दोन्हींची तयारी सुरू करते. इंग्रजीखेरीज स्पॅनिश आणि गुजराती अशा दोन भाषांत तो कागद लागेल. १ एप्रिलपर्यंत थांबण्यापेक्षा १ जानेवारीपासूनच विमा देऊ करावा असे दिरांचे मत झाले आहे, म्हणजे बाजारपेठेतील नावनोंदणी सुरू असतानाच सेविकांना दोन्हींची तुलना करता येईल. गुजराती मजकूर तपासून देणारे कोणी येथे असेल तर कृपया निरोप पाठवावा.