मदत हवी आहे : मैदानाचे आरक्षण, कलम १२७ ची नोटीस आणि हातात उरलेले दहा महिने

नमस्कार. मी एका ब वर्ग नगर परिषदेत सहायक नगररचनाकार म्हणून गेली सहा वर्षे काम करते आहे. प्रकरण चालू असल्यामुळे गावाचे नाव आणि गट क्रमांक येथे देत नाही. नगररचना, भूमी अभिलेख आणि वकिली या क्षेत्रांतले जे सदस्य येथे आहेत, त्यांच्या अनुभवाची मला खरोखर गरज आहे. त्यामुळे थोडे लांबले तरी सगळे नीट सांगते.

आमच्या शहराची विकास योजना, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा आराखडा, २००५ साली अंमलात आली. गावठाणाच्या पूर्वेला साठ आर क्षेत्रावर तिच्यात खेळाच्या मैदानाचे आरक्षण आहे. वीस वर्षे होत आली, पण नगर परिषदेने ती जमीन घेतलेली नाही. जमीन दोन भाऊ आणि एक बहीण यांच्या सामाईक नावावर आहे. थोरल्या भावाचे वय सत्तरीच्या पुढे आहे. झोन दाखल्यावर (जमीन कोणत्या वापराच्या विभागात आहे हे सांगणाऱ्या दाखल्यावर) आरक्षणाचा उल्लेख येत असल्यामुळे त्यांना त्या जमिनीवर बँकेचे कर्ज मिळाले नाही, ती विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक टिकले नाही आणि बांधकामाची परवानगी तर आम्हीच नाकारली. महिन्यातून एकदा तरी ते कार्यालयात येतात, माझ्या टेबलासमोर बसतात आणि फाइल कुठपर्यंत आली एवढेच विचारतात. आवाज चढवत नाहीत. मला मात्र त्यांना प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यावे लागते.

चौदा महिन्यांपूर्वी दोघा भावांनी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम १२७ खाली नोटीस दिली. ज्यांना हे कलम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून चोवीस महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तोच या जमिनीलाही मिळतो. आमच्याकडे शेजारी रहिवास विभाग आहे. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिने होती, मग बारा झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस झाली. एवढी वाढूनही आमच्यासारख्या ठिकाणी ती पुरत नाही, कारण नोटीस आवक टपालातून निघून माझ्या टेबलावर यायलाच पाच महिने गेले. ती चुकून दुसऱ्या शाखेच्या गठ्ठ्यात गेली होती. यात मला कोणाची तक्रार करायची नाही. पण चौदा महिन्यांतले पाच असे गेले, हे सांगितल्याशिवाय आजची घाई कळणार नाही.

मोबदल्याचा हिशेब मी मांडून पाहिला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरी जमिनीला बाजारमूल्य आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे ढोबळमानाने बाजारमूल्याच्या दुप्पट द्यावे लागतात. ही रक्कम आमच्या नगर परिषदेच्या एका वर्षाच्या भांडवली तरतुदीत बसत नाही. सर्वसाधारण सभेने संपादनाचा ठराव केला आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्तावही गेला आहे, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात जे म्हटले ते वाचल्यावर माझा धीर सुटला. नुसता ठराव आणि पत्रव्यवहार म्हणजे संपादनाची पावले नव्हेत, असा त्या निकालाचा आशय मी समजले आहे. पैसे जमा केल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही, आणि पैसे नाहीत.

हस्तांतरणीय विकास हक्काचा (टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा आणि दुसऱ्याला विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क) पर्याय मी मालकांपुढे ठेवला होता. मोठ्या शहरात तो चालतो, कारण तिथे चटई क्षेत्राला, म्हणजे बांधता येणाऱ्या एकूण क्षेत्राला, मागणी असते. आमच्याकडे बहुतेक घरे तळमजला अधिक एक मजला एवढीच आहेत आणि लोक मिळणारे मूळ चटई क्षेत्रही पुरते वापरत नाहीत. अशा ठिकाणी टीडीआरचे प्रमाणपत्र हातात दिले तरी ते विकत घेणार कोण? थोरल्या भावाने हाच प्रश्न मला विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता मैदानाची बाजू. या जमिनीला लागून जी वस्ती आहे ती सगळी गुंठेवारीतली आहे. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे मुद्रांकावर लिहून विकले गेले. रेखांकन (भूखंड, रस्ते आणि खुली जागा दाखवणारा नकाशा) मंजूर करून घेतलेच नाही. रीतसर रेखांकन झाले असते, तर चाळीस आरच्या वरच्या जमिनीवर दहा टक्के खुली जागा सोडावी लागली असती. तशी एक फूटही जागा तेथे सुटलेली नाही. रस्ते बारा-पंधरा फुटांचे आहेत आणि मुले त्यांवरच खेळतात. म्हणून संध्याकाळी सगळी वस्ती या साठ आरांवर उतरते. मालकांनी आजवर कोणाला हाकलले नाही, कुंपणही घातले नाही. वस्तीतल्या अनेकांना ती जमीन नगर परिषदेचीच वाटते, आणि ती खाजगी आहे असे मी सांगितले तेव्हा काही बाया माझ्यावरच रागावल्या.

पर्यायी जागेचाही विचार झाला. नगर परिषदेच्या मालकीची एक जागा ओढ्याकाठी, निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पुराचे पाणी येऊ शकते अशा पट्ट्यात आहे. तेथे इमारत बांधता येत नाही, मात्र मैदानासारखा मोकळा वापर चालतो, म्हणून कागदावर ती अगदी योग्य दिसते. प्रत्यक्षात ती राज्यमार्गाच्या पलीकडे आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांना रोज संध्याकाळी तो रस्ता ओलांडायला लावणारा नकाशा मी माझ्या सहीने पुढे पाठवू शकत नाही.

मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट वेगळीच आहे. कलम १२७ ची नोटीस मालकी हक्काच्या कागदपत्रांसह द्यावी लागते. वडिलांच्या मृत्यूनंतर वारसाचा फेरफार झाला तेव्हा बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आले आहे, मात्र नोटिशीवर तिची सही नाही. ती परगावी असते आणि भावांना ते आवश्यक आहे असे वाटलेच नाही. माझ्या वरिष्ठांपैकी एकाने असे सुचवले आहे की ही त्रुटी आत्ता कळवू नये. मुदत संपत आली की कळवावी, म्हणजे त्यांना नव्याने नोटीस द्यावी लागेल आणि आपल्याला आणखी दोन वर्षे मिळतील. मैदान वाचावे ही माझीही मनापासून इच्छा आहे. पण माझ्यासमोर बसून फाइलची चौकशी करणाऱ्या माणसाला मला माहीत असलेली गोष्ट मुद्दाम सांगायची नाही, हे मला जमणार नाही. शिवाय ती युक्ती न्यायालयात टिकेल याची खात्रीही वाटत नाही. मी टिपणीवर त्रुटी आजच कळवावी असे लिहून फाइल वर पाठवली आहे. ती तीन आठवड्यांपासून परत आलेली नाही.

मोजणीचाही गुंता आहे. सातबाऱ्यावर साठ आर, परंतु जुन्या मोजणीच्या क प्रतीवर (भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशावर) छप्पन आर भरते. उरलेले चार आर पूर्वेच्या बारा मीटर रस्त्यात गेले असावेत असा माझा अंदाज आहे, कारण २००५ चा नकाशा हाताने रंगवलेला आहे आणि गाव नकाशावर तो बसवताना आरक्षणाची कड आणि रस्त्याची कड एकमेकींवर येतात. संगणकावर दोन्ही थर एकावर एक ठेवले की पूर्वेला तीन-चार मीटरची तफावत दिसते. वीस वर्षांपूर्वीच्या आरेखकाच्या पेन्सिलीची जाडी आज चार आरांचा वाद होऊन बसली आहे. हद्द कायम मोजणीचे शुल्क भरले आहे, तारीख मिळायची आहे.

आता माझे प्रश्न.

पहिला आणि तातडीचा प्रश्न असा की, तुमच्यापैकी कोणी छोट्या नगर परिषदेत असे आरक्षण काही भाग रोख, काही भाग विकास हक्क आणि काही भाग समावेशक आरक्षण अशा मिश्र मार्गाने सोडवले आहे का? समावेशक आरक्षणात मालक ठरावीक भाग विकसित करतो आणि उरलेला भाग नगर परिषदेला विनामूल्य देतो. ही तरतूद राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे, पण मैदानाच्या बाबतीत ती प्रत्यक्ष वापरल्याचे उदाहरण मला आमच्या विभागात सापडले नाही. रस्त्याकडेची पट्टी मालकांकडे ठेवून आतला मोठा तुकडा सलग मैदान म्हणून मिळाला, तर मुलांचे खेळ थांबणार नाहीत असे मला वाटते. आकृती मी काढून पाहिली आहे. मैदान आयताकृती राहते, मात्र क्रिकेटची एक बाजू आखूड होते.

दुसरा प्रश्न त्रुटीबद्दलचा. फाइल परत येण्याची वाट न पाहता मी मालकांना तोंडी सांगितले, तर ती शिस्तभंगाची बाब होईल का? सेवा नियम जाणणाऱ्यांनी स्पष्ट उत्तर दिले तर उपकार होतील. मला शौर्य गाजवायचे नाही, पण मुदतीच्या आदल्या दिवशी त्यांना पत्र गेले तर ते आणि मी समोरासमोर कसे बसायचे, हे मला समजत नाही.

तिसरा प्रश्न पुढच्या वीस वर्षांचा आहे. सुधारित विकास योजनेचे काम आमच्याकडे सुरू झाले असून विद्यमान भूवापराचे सर्वेक्षण चालू आहे. लवकरच मला नवी आरक्षणे सुचवावी लागतील. लोकसंख्येच्या प्रमाणकांप्रमाणे मैदाने, उद्याने, शाळा मांडत गेले तर नकाशा सुंदर दिसेल, परंतु त्यांतली किती घेण्याची आपली ऐपत आहे हे मला माहीत आहे. जी जमीन घेता येणार नाही तिच्यावर हिरवा रंग द्यायचा, आणि आणखी एक कुटुंब वीस वर्षे अडकवून ठेवायचे? की कमी आरक्षणे दाखवून उद्याच्या वस्तीची मोकळी जागा आजच सोडून द्यायची? जुने आरक्षण सुधारित योजनेत तसेच पुढे ओढले की वेळ मिळतो असे काही सहकारी म्हणतात. गुजरातच्या कायद्याखालील भावनगर विद्यापीठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तो मार्ग अडवल्याचे मी वाचले आहे आणि मला तो निकाल न्याय्य वाटतो.

माझ्या मनात नगररचना योजनेचा विचार आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानंतर पार्ले, सांताक्रूझ या भागांत अशा योजना झाल्या आणि तेथील टीपीएस (टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजेच नगररचना योजना) रस्ते आजही त्याच नावाने ओळखले जातात. २००१ च्या भूकंपानंतर भूजची जुनी वस्तीही याच पद्धतीने नव्याने आखली गेली. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, प्रत्येकाकडून थोडा हिस्सा रस्ता व मैदानासाठी घ्यायचा आणि प्रत्येकाला लहान पण नीट आकाराचा अंतिम भूखंड परत द्यायचा, ही कल्पना मला न्यायाची वाटते, कारण एका कुटुंबाच्या साठ आरांवर सगळ्या वस्तीचा भार पडत नाही. पण आमच्याकडे नगररचना शाखेत मी, एक रचना सहायक आणि अर्धवेळ येणारा आरेखक एवढेच आहोत. दहा-बारा खातेदारांची छोटी योजना इतक्या तुटपुंज्या मनुष्यबळात कोणी पूर्ण केली आहे का, आणि खातेदारांची पहिली बैठक कशी घेतली, हे वाचायला मला फार आवडेल.

ताजी भर : काही सदस्यांनी निरोपातून विचारले की वस्तीतल्या लोकांना या प्रकरणाची माहिती दिली आहे का. गेल्या रविवारी दिली. वस्तीतल्या मंदिराच्या पारावर चाळीसेक माणसे जमली होती आणि थोरल्या भावालाही मी आग्रहाने बोलावले होते. सुरुवातीला कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. मग एका आजींनी त्याला विचारले की जमीन तुझी होती तर इतकी वर्षे बोलला का नाहीस. तो म्हणाला की माझी नातवंडेपण तिथेच खेळतात. त्यानंतर चर्चा बरी झाली आणि वर्गणी काढून काही रक्कम उभी करता येईल का, असा विषय निघाला. म्हणून एक उपप्रश्न जोडते : विशिष्ट आरक्षणाच्या संपादनासाठी नागरिकांनी दिलेली रक्कम नगर परिषदेला स्वतंत्र लेखाशीर्षाखाली स्वीकारता येते का, आणि ती अन्यत्र वळवली जाणार नाही याची लेखी हमी कोणत्या स्वरूपात देता येईल? लेखा शाखेने मला अद्याप उत्तर दिलेले नाही आणि वस्तीतले लोक येत्या रविवारी पुन्हा जमणार आहेत.