‘नी’मधला के फुकटचा बसलाय का?

वेलदोडा:
लेक पाचवीत, सेमी इंग्लिशला. परवा डिक्टेशनमध्ये 20 पैकी 11. नी (गुडघा), नाइफ आणि डेट (कर्जवाला, तारखेचा नव्हे), तिन्हींत मुकं अक्षर गाळलेलं. दहा-दहा वेळा लिहायला बसवलं, तर वही आपटून म्हणते, “बोलत नाही तर तो के बसलाय कशाला?” मी पतसंस्थेत आहे. डी-ई-बी-टी रोज हाताखालून जातं, पण त्यात बी का, हे मलाही सांगता येईना. घोकंपट्टीशिवाय काही वाट आहे का?

जुना खडू:
आहे. मुकी अक्षरं सगळी एका जातीची नसतात, हे आधी तिला सांगा. नी-नाइफमधला के पूर्वी खरंच बोलायचा. जर्मन लोक गुडघ्याला आजही ‘क्नी’ म्हणतात. इंग्लंडात कॅक्स्टनचा छापखाना 1476 मध्ये आला, स्पेलिंगं हळूहळू बसत गेली. पुढे जिभेने के सोडला, कागदाने नाही.

डेटमधला बी मात्र घुसखोर. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा बी नव्हताच. मूळ लॅटिन ‘डेबिटुम’ दिसावं म्हणून पंडितांनी तो घातला. तुमच्या खात्यात ‘डेबिट’ पडतं ना, त्याच घरातला. म्हणून डेबिट-डेट जोडीनेच लिहून घ्या. साइन-सिग्नेचरही तसंच, जी सापडतो. (बॉम्बमधला बी इंग्रज म्हणत नाहीत, पण आपली मुलं ठणकावून म्हणतात, म्हणून तिथे चुकत नाहीत!)

सुपलीभर:
आपल्याकडे तरी काय होतं? आजोबांच्या पत्रांत ‘नांव’, ‘कांहीं’ असायचं. न उच्चारले जाणारे ते अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी गेले. इंग्रजीला महामंडळच नाही, काढणार कोण?

वेलदोडा:
खडूकाका, वहीचं पान मधोमध दुमडलंय. डावीकडे ‘म्हातारे’, उजवीकडे ‘घुसखोर’. नॉक, नॉट डावीकडे गेले. आयलंडचा एस कुठे?

जुना खडू:
उजवीकडे. जुन्या इंग्रजी शब्दात एस नव्हता. ‘आइल’ हा वेगळाच शब्द, त्याच्या नादाने चिकटला.

वेलदोडा:
लिहिला. आता अंथरुणातून ओरडून विचारतेय, “आई, कर्नलमध्ये आर ऐकू येतो, पण लिहायचा एल. तो कुठल्या बाजूला?” पानाला तिसरी घडी घातलीय.