२००६ सालच्या वॅगन आरचे हेडलाइट : संपूर्ण दिवे बदलावेत, काच घासून घ्यावी, की आधी वायरिंग पाहावे?

नमस्कार.

आमच्याकडे २००६ सालची पेट्रोलवरची वॅगन आर आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर वडिलांनी तिच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले होते. ती मुदत आता संपत आली असली, तरी इंजिन आणि पत्रा दोन्ही उत्तम असल्यामुळे गाडी आणखी पाच वर्षे वापरायची, हे घरात ठरलेले आहे. अडचण फक्त हेडलाइटची आहे, आणि ती आता दुर्लक्ष करण्याजोगी राहिलेली नाही.

मी कोथरूडला राहतो आणि आई-वडील भोरला असतात, त्यामुळे दर शुक्रवारी कामावरून सुटल्यावर रात्रीच्या अंधारात तिकडे जावे लागते. कात्रजचा बोगदा ओलांडून कापूरहोळपर्यंत महामार्गावर इतर वाहनांच्या उजेडात कसेबसे भागते. परंतु फाट्यावरून आत वळल्यानंतर भोरपर्यंत बहुतेक ठिकाणी आपल्या गाडीचा उजेड हाच काय तो आधार. मागच्या महिन्यात याच पट्ट्यात उसाने भरलेली एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. तिला मागे ना दिवा होता ना रिफ्लेक्टर, आणि ती मला अगदी वीस-पंचवीस मीटरवर आल्यावर दिसली. वेग कमी असल्यामुळे गाडी थांबली, पण शेजारी आई बसलेली होती आणि त्या रात्रीपासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

दिव्यांची सध्याची स्थिती अशी आहे. दोन्ही काचा, म्हणजे खरे तर पॉलिकार्बोनेटची आवरणे, पिवळी आणि धुरकट झाली आहेत. उजव्या दिव्याचा आतला रिफ्लेक्टर वरच्या बाजूने काळपट दिसतो, डावा मात्र चकचकीत आहे. बल्ब एच-४ प्रकारचे, ६०/५५ वॅटचे आहेत आणि ते सहाच महिन्यांपूर्वी बदलले आहेत. त्याआधी एका गॅरेजमध्ये माझ्या तक्रारीवर उपाय म्हणून १००/९० वॅटचे बल्ब बसवून दिले होते. दोन आठवडे उजेड भरपूर पडला, मग जळका वास येऊ लागला आणि उघडून पाहिले तेव्हा डाव्या बाजूच्या होल्डरचे प्लास्टिक वितळलेले होते. होल्डर बदलून मी पुन्हा मूळ वॅटचे बल्ब लावले. तो उजव्या दिव्याचा काळेपणाही त्याच उष्णतेमुळे आला असावा, असा माझा अंदाज आहे.

गेल्या रविवारी मल्टिमीटर घेऊन मोजणी केली. इंजिन चालू आणि डिपर (खाली पडणारा झोत) लावलेला असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट मिळाले, तर होल्डर न काढता त्याच्या मागच्या बाजूने बल्बच्या टोकांवर मोजले तेव्हा १२.१ व्होल्टच मिळाले. हा फरक कितपत गंभीर मानावा, हे मला कळलेले नाही.

पॉलिश करणाऱ्या एका कारागिराने तासाभरात काच नव्यासारखी करून देतो असे सांगितले आहे. नाना पेठेतल्या दुकानांत चौकशी केली, तर कंपनीच्या जोडीत आणि लोकल जोडीत दुपटीहून अधिक फरक निघाला आणि दोन्ही हातात घेतल्यावर मला डोळ्यांनी तरी काही वेगळे दिसले नाही. एका दुकानात मला थेट एलईडी बल्ब घालण्याचा आग्रह झाला. तो पर्याय मला मनापासून नको आहे. समोरून येणाऱ्या अशा गाड्यांमुळे कात्रजच्या घाटात माझे स्वतःचे डोळे कितीदा दिपले आहेत. मला दिसावे म्हणून समोरच्या दुचाकीस्वाराला आंधळे करायचे, हे मला पटत नाही.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे, की यातले काम कोणत्या क्रमाने करावे, लोकल दिवा घेतल्यास उजेडाच्या आकारात खरोखर फरक पडतो का, आणि दिवे बसवल्यावर त्यांचे फोकस सेटिंग घरी अचूक करता येते का. या गाडीचे दिवे ज्यांनी स्वतः काढले असतील, त्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.

प्रतिसाद

नमस्कार. आपण व्होल्ट मोजलेत हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या आकड्यांतच आहे. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. त्या हिशेबाने १३.९ ऐवजी १२.१ व्होल्ट मिळाले, तर बल्ब जवळजवळ ४० टक्के कमी उजेड देतो. एच-४ बल्बकडून डिपरवर सुमारे १००० आणि अप्परवर (लांबच्या झोतावर) सुमारे १६५० ल्युमेन अपेक्षित असतात, तेही १३.२ व्होल्टला. म्हणजे तुमची काच नवी कोरी असती, तरीही रस्ता अंधारलेलाच दिसला असता. १०० वॅटच्या बल्बने नेमकी हीच दुखरी जागा आणखी तापवली.

म्हणून प्रथम वायरिंग. दोन्ही दिव्यांचा मिळून नऊ-दहा अँपिअरचा प्रवाह वीस वर्षांच्या स्विचमधून आणि बारीक वायरींतून जात असेल, तर तिथेच व्होल्टेजची गळती होते. आधी अर्थिंग तपासा : दिवे चालू ठेवून बल्बच्या अर्थ टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजा. तिथे ०.२ व्होल्टहून फारसे अधिक दिसता कामा नये. त्यानंतर बॅटरीवरून थेट जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, आणि अप्पर व डिपरसाठी स्वतंत्र रिले (दिव्याच्या स्विचमधल्या थोड्याशा प्रवाहावर मोठा प्रवाह जोडणारा विद्युत स्विच) बसवून घ्या. मात्र एक खबरदारी घ्या. काही जपानी रचनेच्या गाड्यांमध्ये स्विच धन बाजूला नसून ऋण बाजूला असतो, आणि तिथे बाजारातले तयार हार्नेस (रिले आणि वायरींचा जोडसंच) जसेच्या तसे चालत नाही. आपल्या गाडीत काय आहे, ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून पाहून घेतल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

दिव्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तर बाहेरून काच घासण्यात अर्थ नाही, आणि एक दिवा नवा व एक जुना ठेवला तर उजेड दोन रंगांचा पडतो. तेव्हा जोडीच बदला. पॉलिशवाला काच चमकवून देईल, पण वॉटर पेपरने वरचा संरक्षक थर निघून जातो आणि त्यावर अतिनील किरणे रोखणारा नवा थर दिला नाही, तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. लोकल आणि कंपनीचा दिवा हातात घेऊन फरक कळत नाही, तो भिंतीवर कळतो. दुकानदार तयार असेल तर जुन्या बॅटरीवर दिवा लावून पाहा : डिपरच्या उजेडाची वरची कड सरळ आणि स्पष्ट हवी, आणि आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणून ती डाव्या बाजूला वर चढलेली हवी. कड विस्कटलेली असेल तर तो दिवा स्वस्त असला तरी घेऊ नये.

एलईडीबद्दलचा आपला निर्णय योग्य आहे. एच-४ चा रिफ्लेक्टर एका ठरावीक जागेवरच्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो, आणि प्रकाशाचा उगम मिलिमीटरभर सरकला तरी उजेड वर उसळतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाला मनाई करतो, हेही नूतनीकरणाच्या तपासणीपूर्वी लक्षात असू द्यावे.

सेटिंग घरी होते. सपाट जागा, चाकांत योग्य हवा, अर्धी टाकी पेट्रोल आणि चालकाच्या जागी एक माणूस. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा आणि दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली डिपरची कड आणा. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा राहिला तर तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आज सकाळी अर्थिंग मोजले : उजवीकडे ०.१, डावीकडे ०.७ व्होल्ट. डाव्या दिव्याच्या अर्थचा बोल्ट गंजलेला होता. तो घासून साफ केल्यावर तिथला आकडा ०.१ वर आला आणि बल्बवर १२.६ व्होल्ट मिळू लागले. बाकीची गळती स्विचकडच्या वायरींत असावी, म्हणून रिलेचे काम शनिवारी ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे देत आहे आणि स्विच कोणत्या बाजूला आहे ते त्यालाच आधी तपासायला सांगितले आहे. दिव्यांची जोडी त्यानंतर घेईन, दुकानात भिंतीवर उजेड पाहूनच.

एक शंका उरली आहे. आज सेटिंगचे स्क्रू फिरवून पाहिले, तेव्हा उजव्या दिव्याचा उंचीचा स्क्रू फिरतो, पण दिवा जागचा हलत नाही. हा दोष दिव्याच्या आतल्या प्लास्टिकच्या नटचा असून तो नव्या दिव्याबरोबर आपोआप जाईल, की गाडीच्या बाजूचाही एखादा भाग वेगळा आणावा लागेल? शनिवारपूर्वी कुणी सांगू शकल्यास एकाच फेरीत सर्व सामान आणता येईल.